गाडी तीच, नाव दुसरं! नाशिकच्या लोगानची व्हेरिटो का झाली, आणि कंपन्या जुनं मॉडेल नवा लोगो लावून का विकतात?

द्राक्षाचे पैसे हातात आले की आमच्याकडे दोन विषय निघतात. एक घराचा स्लॅब आणि दुसरा गाडी. यंदा मावसभावाने गाडीचा विषय काढला. घरात पाच माणसं, महिन्यातून दोन-तीनदा नाशिकला चक्कर, बाकी सगळं फिरणं तालुक्यातच. दिवसभर शोरूम फिरून आला आणि रात्री फोन केला, "दादा, मारुतीची बलेनो बघितली, मग टोयोटाची ग्लँझा बघितली. दरवाजे तेच, डॅशबोर्ड तोच, इंजिनाचा आवाज पण तोच. नुसता समोरचा लोगो वेगळा. हे लोक आपल्याला येड्यात काढतायत का?"

येड्यात कोणी काढत नाही. पण प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या मावसभावाचा नाही. सेकंडहँड बाजारात तर हा घोळ जास्त आहे. लोगान आणि व्हेरिटो शेजारी शेजारी उभ्या असतात आणि घेणाऱ्याला कळत नाही की या दोन गाड्या आहेत की एकच. डस्टर आणि टेरानो, मायक्रा आणि पल्स, सनी आणि स्काला, यांचीही तीच गत. दोन कंपन्या एकत्र येतात, एकीची गाडी दुसरी आपल्या नावाने विकते, आणि बऱ्याचदा ती गाडी बाहेरच्या देशात जुनी झालेली असते. असं का होतं, ते समजून घ्यायला फार लांब जायला नको. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या नाशिकमध्येच घडलं आहे.

नाशिकमध्ये बनलेली फ्रेंच गाडी

२००५ मध्ये महिंद्रा आणि फ्रान्सची रेनॉ यांनी भागीदारीत कंपनी काढली. ५१ टक्के हिस्सा महिंद्राचा, ४९ टक्के रेनॉचा. महिंद्राकडे जीप होती, बोलेरो होती, स्कॉर्पिओ होती, पण घरगुती कार नव्हती. रेनॉकडे कार होत्या, पण भारतात ना कारखाना, ना डीलर, ना ओळख. सोयरीक जुळायला एवढं पुरेसं होतं. गाडी बनणार महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात, आणि एप्रिल २००७ मध्ये 'लोगान' बाजारात आली.

ही लोगान मुळात रोमानियाची. तिथली डाचिया ही कंपनी रेनॉच्या मालकीची आहे आणि २००४ मध्ये तिने लोगान काढली ती एकाच हिशोबाने, की गाडी स्वस्त झाली पाहिजे. त्यासाठी काय काय केलं ते वाचण्यासारखं आहे. बाहेरचे दोन्ही आरसे एकाच आकाराचे ठेवले, म्हणजे डाव्या-उजव्यासाठी वेगळे साचे नकोत. डॅशबोर्ड एकाच तुकड्यात ओतलेला. खालचा बराचसा सांगाडा आणि पार्ट रेनॉच्या आधीच्या गाड्यांमधून उचललेले. म्हणजे लोगान नवी होती तेव्हासुद्धा तिच्यात जुन्या गाडीचा अंश होताच. भारतासाठी स्टिअरिंग उजवीकडे आणायचं मोठं काम करावं लागलं, तेवढं इथे झालं.

गाडी वाईट नव्हती. जागा ऐसपैस, डिकी मोठी, १.५ लिटरचं डिझेल इंजिन ॲव्हरेजला चांगलं. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. पण तिची लांबी होती जवळजवळ सव्वाचार मीटर, आणि तिथेच गाडी अडकली. २००६ च्या बजेटमध्ये सरकारने नियम केला होता की चार मीटरपेक्षा लहान आणि लहान इंजिनाच्या गाडीला अबकारी कर १६ टक्के, बाकीच्यांना २४. लोगान पाव मीटरने मोठी म्हणून तिच्यावर जास्तीचा कर. कमी किमतीसाठी जन्माला घातलेली गाडी करामुळेच महाग पडली. खप घसरला, भागीदारांची धुसफूस वाढली आणि २०१० मध्ये रेनॉचा हिस्सा महिंद्राने विकत घेतला.

इथून पुढे खरी गंमत आहे. रेनॉ गेली, पण कारखाना इथेच राहिला, साचे इथेच राहिले, पार्ट पुरवणारे व्हेंडर राहिले. रेनॉने परवाना दिला, इंजिन आणि गिअरबॉक्सचा पुरवठाही चालू ठेवला. फक्त नाव वापरता येणार नव्हतं. म्हणून २०११ मध्ये महिंद्राने थोडाफार बदल करून तीच गाडी 'व्हेरिटो' म्हणून आणली. २०१३ मध्ये तिची मागची बाजू कापून चार मीटरच्या आत बसवली आणि 'व्हेरिटो व्हाइब' काढली. म्हणजे ज्या पाव मीटरने घोळ केला होता, तो सहा वर्षांनी कापून काढला. पुढे २०१६ मध्ये त्याच व्हेरिटोत बॅटरी बसवून 'ई-व्हेरिटो' आली आणि सरकारी ऑफिसांच्या दारात उभी राहिली.

दरम्यान २०१२ मध्ये युरोपात लोगानचं नवं, दुसऱ्या पिढीचं मॉडेल आलं. आपल्याकडे मात्र २००४ सालची गाडीच चालू राहिली, कारण महिंद्राला परवाना मिळाला होता तो त्याच गाडीचा. भागीदारी तुटली की पुढचं मॉडेल कोण देणार?

साच्याचा पैसा एकदाच लागतो

आता मुद्द्याचा हिशोब. नवीन गाडी काढायची म्हणजे पत्रा दाबायचे डाय नवे, प्लॅस्टिकचे साचे नवे, वेल्डिंगच्या जिग नव्या, शिवाय चाचण्या, अपघाताच्या टेस्ट, धुराच्या टेस्ट. हा सगळा खर्च पहिली गाडी विकायच्या आधी करावा लागतो.

समजा (आकडा नुसता समजण्यासाठी घेतोय) हा खर्च ५०० कोटी आला. पाच लाख गाड्या विकल्या तर एका गाडीमागे १० हजार पडतात. पण पन्नास हजारच विकल्या तर एका गाडीमागे एक लाख! आता भागीदारीतल्या नव्या कंपनीला पहिल्या दिवसापासून पाच लाख गिऱ्हाईक कुठून मिळणार? म्हणून ती विचारते, ज्याच्या साच्यांचा पैसा आधीच वसूल झालाय अशी गाडी आहे का तुमच्याकडे?

द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. मांडव उभा करताना अँगल, तारा, बांबू, मजुरी, सगळा पैसा पहिल्याच वर्षी जातो. तो वसूल होईपर्यंत भाव पडला की पोटात गोळा येतो. पण मांडवाचा पैसा एकदा निघाला की पुढच्या वर्षी भाव थोडा कमी मिळाला तरी माणूस तगून जातो. जुनं मॉडेल म्हणजे असा पैसा फिटलेला मांडव. त्यात आणखी एक फायदा असा की गाडीचे आजार माहीत झालेले असतात. कुठला बुश लवकर जातो, कुठलं सेन्सर दगा देतं, हे दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाने आधीच भोगलेलं असतं आणि कंपनीने दुरुस्त केलेलं असतं.

मग जुनं मॉडेल मिळतं तेवढं स्वस्त का नसतं? कारण साच्याचा पैसा वाचला तरी तो सगळा गिऱ्हाइकाच्या खिशात येत नाही. मूळ मालकाला रॉयल्टी जाते, बाहेरून येणाऱ्या पार्टवर ड्युटी जाते, आणि उरलेलं कंपनी आपल्या नफ्यात धरते. यात बेकायदा काही नाही. पण शोरूममध्ये "फॉरेनची टेक्नॉलॉजी" म्हणून किंमत सांगितली जाते तेव्हा ती टेक्नॉलॉजी कुठल्या सालची, हे विचारायला हरकत नाही.

ताजं कोणी देत नाही

पैशाइतकंच दुसरं कारण आहे, आणि ते भाऊबंदकीसारखं आहे. भागीदार आज सोबत आहे, उद्या समोर उभा राहू शकतो. म्हणून परदेशी कंपनी आपलं ताजं इंजिन, ताजा सांगाडा पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात देत नाही. जे तिच्या देशात संपत आलंय ते देते. ते शिकून भागीदार हुशार झाला तरी ती एक पिढी पुढे असते.

याची उदाहरणं आपल्या राज्यात भरपूर आहेत. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवते? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात काढलेली ती गाडी म्हणजे इटलीची फियाट ११००. फियाटशी करार संपला, नाव बदलून प्रीमियर झालं, गाडी तीच राहिली आणि साधारण २००० सालापर्यंत बनत राहिली. त्याच प्रीमियरने नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याणला 'प्यूजो ३०९' बनवायला घेतली. ती गाडी युरोपात १९८५ मध्ये आली होती आणि १९९३ मध्ये बंद झाली होती. म्हणजे तिकडे बंद, मग इकडे नवी! आणि ही भागीदारी काही वर्षांतच मोडली.

मारुती ८०० तर सगळ्यांच्या घरातली. मारुती उद्योग ही भारत सरकार आणि जपानच्या सुझुकीची भागीदारी, करार १९८२ चा, पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये. १९८६ मध्ये जो नवा आकार आला, तो जपानच्या १९८४ च्या अल्टोचा. जपानमध्ये तो १९८८ ला बदलला. आपल्याकडे तीच गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. जपानमध्ये चार वर्षं, इथे अठ्ठावीस.

आणि यातलं एक बारीक कलम गावाकडच्या माणसाने लक्षात ठेवावं असं आहे. एप्रिल २०१० मध्ये धुराचा बीएस-४ नियम आला तो आधी फक्त १३ शहरांना. आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती. मारुतीने ८०० चं इंजिन त्या नियमाला बसवायचा खर्च केला नाही. त्या १३ शहरांत गाडीची विक्री बंद केली आणि बाकी देशात, म्हणजे तुमच्या-आमच्याकडे, पुढे चालू ठेवली. शहराला चालत नाही ती गाडी गावाला चालते, असा तो सरळ हिशोब होता. मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही, कारण त्या किमतीत गावाला चारचाकी मिळत होती. पण हिशोब माहीत असावा.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर हा विषय गाड्यांच्या आधीच बघितलाय. फार्मट्रॅक ६० चं मूळ फोर्ड ३६०० मध्ये आहे. एस्कॉर्ट्स आणि फोर्ड यांची भागीदारी होती, ती संपली, फोर्डचं नाव गेलं, ट्रॅक्टर नव्या नावाने राहिला. महिंद्राचा बी-२७५ हा इंग्लंडमध्ये बनणारा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टर, १९६३ मध्ये तीन कंपन्यांच्या भागीदारीतून इथे आला. मॅसी १०३५ ची मुळं मॅसीच्या पन्नासच्या दशकातल्या ३५ मॉडेलमध्ये जातात. आणि कोणी शेतकरी त्याला जुना म्हणून हिणवत नाही. उलट मेकॅनिक गल्लीत मिळतो म्हणून तोच मागतो.

हे फक्त भारतात होतं असंही नाही. चीनमध्ये परदेशी कार कंपनीला स्थानिक भागीदार घ्यावाच लागायचा आणि परदेशी हिस्सा ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हता. प्रवासी गाड्यांवरची ही अट २०२२ मध्ये उठली. फोक्सवॅगनची सँटाना जर्मनीत १९८१ मध्ये आली, शांघायच्या भागीदारीत बनायला लागली आणि तिकडे २०१२ पर्यंत खपली. पुढे चिनी सरकारने आग्रह धरला की या भागीदारी कंपन्यांनी स्वतःचा देशी ब्रँड काढावा. मग काय झालं? होंडाच्या भागीदार कंपनीने २०११ मध्ये 'ली निएन' नावाचा ब्रँड काढला, आणि त्याची पहिली गाडी म्हणजे होंडा सिटीचं मागच्या पिढीचं मॉडेल! निसानच्या भागीदारीने 'वेनुशिया' काढली, ती जुन्या टिडा गाडीवर. सरकारला ब्रँड हवा होता, तो मिळाला. परदेशी कंपनीला ताजा माल द्यायचा नव्हता, तो तिने दिला नाही. स्थानिक भागीदाराला मात्र बंद पडणारी लाइन चालू ठेवायला मिळाली.

मग बलेनो-ग्लँझाचं काय?

मावसभावाच्या प्रश्नावर येऊ. टोयोटा आणि सुझुकी यांची मैत्री वेगळ्या प्रकारची आहे. इथे जुना माल खपवण्यापेक्षा एकमेकांची उणीव भरून काढणं जास्त आहे. (टोयोटा किर्लोस्कर ही स्वतःही एक भागीदारीच आहे, ८९ टक्के टोयोटा आणि ११ टक्के किर्लोस्कर.) टोयोटाकडे इनोव्हा आणि फॉर्च्युनर जोरात, पण लहान गाडी इथे तिला कधी नीट जमली नाही. इटिऑस आणि लिव्हा आल्या आणि गेल्या. सुझुकीकडे लहान गाड्यांचं राज्य, पण मोठी हायब्रिड गाडी नव्हती. २०१८ मध्ये भारतात एकमेकांना गाड्या पुरवायचा करार झाला. जून २०१९ मध्ये बलेनोची ग्लँझा झाली. २०२३ मध्ये उलट्या बाजूने टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीच्या शोरूममध्ये 'इन्व्हिक्टो' म्हणून आली. एर्टिगाची रुमियन झाली, फ्रॉंक्सची टायसर झाली.

यात मारुतीचा कारखाना भरलेला राहतो, टोयोटाच्या डीलरला विकायला लहान गाडी मिळते. दोघांनाही नव्या साच्याचा खर्च नाही.

पण इथेही 'जुनं मॉडेल' वाला प्रकार एकदा झालाच. मारुतीची व्हिटारा ब्रेझा मार्च २०१६ ची. टोयोटाने ती सप्टेंबर २०२० मध्ये 'अर्बन क्रूझर' म्हणून आणली, म्हणजे साडेचार वर्षांनी. जून २०२२ मध्ये मारुतीने नवी ब्रेझा काढली आणि त्याच वर्षी अर्बन क्रूझर बंद झाली. ज्याने २०२२ च्या सुरुवातीला ती नवी म्हणून घेतली, त्याची गाडी वर्षाच्या आत बंद झालेलं मॉडेल ठरली. चालायला काही फरक पडला नाही. फरक पडतो तो विकायला काढली तेव्हा, आणि विम्याला.

नाव बेवारस की गाडी बेवारस?

घेणाऱ्याने खरा बघायचा मुद्दा हा आहे. नाव बंद पडणं वेगळं आणि गाडी बंद पडणं वेगळं.

अर्बन क्रूझर हे नाव त्या गाडीपुरतं संपलं, पण आतून ती ब्रेझा आहे. ब्रेझा लाखोंनी रस्त्यावर आहेत, त्यामुळे तिचं काम करणारा मिस्त्री तालुक्यात सापडतो. प्यूजो ३०९ चं उलट झालं. कंपनी गेली, तिच्यासारखी दुसरी गाडी इथे नव्हती, मग मालकाला पार्ट शोधत फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोगान-व्हेरिटो या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. तिचं १.५ डिझेल इंजिन त्याच घराण्यातलं आहे जे पुढे डस्टर, टेरानो, डिझेल मायक्रा आणि डिझेल सनीत आलं. त्यामुळे इंजिनाच्या कामाला ओळखीचा हात मिळतो. पण बोनेट, दरवाजा, हेडलाइट, बंपर हे लोगान-व्हेरिटोचेच लागतात, दुसऱ्या गाडीचे बसत नाहीत. म्हणून सेकंडहँड व्हेरिटो बघताना इंजिनापेक्षा बॉडी जास्त बारकाईने बघा. एखादा दिवा फुटलेला असेल तर "तो काय, बदलून टाकू" असं म्हणायच्या आधी तो कुठे आणि कितीला मिळतो ते विचारून घ्या, आणि तेवढे पैसे भावातून कमी करा.

विम्याचं कलम बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडीची विम्यातली किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती त्या मॉडेलच्या कंपनी किमतीवरून ठरते. दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी ती कमी होते, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पण गाडी पाच वर्षांच्या पुढची असेल, किंवा मॉडेल कंपनीने बंद केलेलं असेल, तर ही किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे बंद मॉडेलच्या मालकाला बोलायला वाव आहे. एजंटने टाकलेला आकडा बघून नुसती सही करू नका. त्याच गाडीचा जुळा भाऊ अजून विकला जात असेल तर त्याची किंमत समोर ठेवा आणि भांडा.

सुरक्षेच्या बाबतीत जुनं मॉडेल खरोखर मागे असतं, इथे मी कंपन्यांची बाजू घेणार नाही. सांगाडा ज्या काळात आखला त्या काळाच्या नियमांचा असतो, वरून एअरबॅग लावली म्हणून तो मजबूत होत नाही. मारुती ओम्नी १९८४ पासून चालू होती. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना अपघाताच्या चाचणीचा नियम लागू होणार म्हटल्यावर कंपनीने ती त्याच वर्षी बंद केली, कारण ती त्यात बसणारच नव्हती. म्हणून जुन्या साच्याची गाडी घ्यायची तर ती ऑक्टोबर २०१९ च्या आधीची की नंतरची, हे आरसीवर बघा. समोर दोन एअरबॅगची सक्ती तर जुन्या मॉडेलना २०२१ संपताना लागली.

राहिली वॉरंटी. जुळ्या गाड्यांमध्ये वॉरंटी लोगोप्रमाणे चालते, इंजिनाप्रमाणे नाही. ग्लँझा मारुतीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर मिस्त्रीला गाडी कळेल, पण टोयोटाची वॉरंटी तिथे मिळणार नाही. ग्लँझा आली तेव्हा तिला तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर वॉरंटी होती आणि बलेनोला दोन वर्षं किंवा ४० हजार. तेव्हा हे ग्लँझा घ्यायचं चांगलं कारण होतं. जुलै २०२४ पासून मारुतीनेही तीन वर्षं-एक लाख केलं, आता ते कारण राहिलं नाही. कराचंही तसंच. दोन्ही चार मीटरच्या आत आणि १.२ लिटरच्या, सप्टेंबर २०२५ पासून दोघींना १८ टक्के जीएसटी.

तर मावसभावाला मी एवढंच सांगितलं, की गाडी एकच आहे असं धर आणि बाकीच्या गोष्टींची तुलना कर. सर्व्हिस सेंटर कुठलं जवळ, दोघांची ऑनरोड किंमत लेखी घे, त्यात ॲक्सेसरीच्या नावाखाली काय घातलंय ते बघ, आणि दोघांनाही विचार की या मॉडेलची नवी आवृत्ती कधी यायची आहे. खरं उत्तर मिळेल असं नाही, पण सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्याने दोन्ही कोटेशन आणली. त्याच्या गावापासून मारुतीचं वर्कशॉप १८ किलोमीटरवर आहे आणि टोयोटाचं गाठायला नाशिकला जावं लागतं. त्यामुळे लोगोचा वाद मिटला. आता वाद रंगाचा आहे. वहिनींना पांढरी नको आणि काकांना पांढरीच पाहिजे.